पृष्ठवंशी प्राण्यांची पारख



विठ्ठलवाडी हें कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधलें स्टेशन. सकाळच्या गाडीस येथें हातावर पांढरा कोट घेतलेलीं मुलेंमुली दिसलीं, कीं तीं कॉलेजांत शास्त्राच्या प्रात्यक्षिकास निघालीं आहेत असें समजावें. त्यांच्या आईबापांनीं मला एक प्रश्न अनेकदां विचारला आहे : "गुरुजी, आतां बेडूक कापावयाचा नाहीं, मग प्राणिशास्त्राच्या तासाला मुलें करतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचेंच उत्तर देण्याचा विचार आहे.

पूर्वीं बेडूक, मुशी, पांढरा उंदीर असे प्राणी मेण ओतलेल्या तबकांत टांचून प्रत्येक विद्यार्थ्यापुढें येत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ मध्यें हें विच्छेदन आटोक्यांत आणण्याचे नियम सुचविले, आणि २०१४ मध्यें प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून तें बंद करण्यास सांगितलें. भूतदया हें त्याचें एक कारण. दुसरें कारण हानीचें. बेडूक शेतांतले कीटक खातो. म्हणून त्याच्या तंगड्यांची परदेशीं होणारी निर्यातही सरकारनें १९८७ मध्यें थांबविली होती. शिकण्यासाठीं दरवर्षीं इतके जीव खर्चीं घालावयाचे काय, हा विचार मागाहून तरी झाला, हें बरें झालें.

परंतु सुरी बाजूस ठेवतांना ती कशासाठीं उचलली होती, हें विसरून चालणार नाहीं. प्राण्याची जात बाहेरून पाहून ठरत नाहीं, ती आंतून ठरते, हा तो धडा होता. वटवाघूळ उडतें, पण पक्षी नव्हे. देवमासा पोहतो, पण मासा नव्हे. वाम सापासारखी लांबट, पण ती मासाच. सह्याद्रींतलें देवगांडूळ पाहून कोणीही गांडूळ म्हणेल; त्याला पाय नाहींत, परंतु कणा आहे, आणि तें बेडकाचें भाऊबंद आहे. पिलें जन्मास घालणारे ते सस्तन, अशी कोणाची समजूत असेल, तर मुंबईच्या बाजारांत मिळणारी मुशी ती खोटी पाडते. मुशी हा मासा आहे. तरी तिचीं पिलें आईच्या उदरांत नाळेवर पोसलीं जातात व तीं जिवंत जन्मतात.

मग पारख करावयाची कशी ? प्रथम हृदय घ्या. माशाच्या हृदयाचे मुख्य कप्पे दोन, बेडकाचे तीन. पाल, सरडा, साप यांचेही तीनच. पण खालच्या कप्प्यांत अर्धवट पडदा आलेला दिसतो. पक्षी आणि सस्तन यांचे कप्पे चार. तरी या दोघांत फरक आहेच : हृदयांतून निघणारी मोठी धमनी पक्ष्यांत उजवीकडे वळते, तर आपल्यांत डावीकडे. मगर दिसावयास पालीची थोरली बहीण. परंतु तिच्या हृदयाचे कप्पे चार भरतात. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून नातीं लावतात. तीही सांगते कीं, मगर पालीपेक्षां पक्ष्यांस अधिक जवळची आहे.

आतां हाडांकडे वळूं. कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर जेथें टेकते, तेथें गुळगुळीत उंचवटे असतात. बेडकास ते दोन, सरड्यास व पक्ष्यास एक, बकऱ्यास आणि माणसास पुन्हा दोन. येथें चाणाक्ष श्रोता विचारील, "मग बेडूक आणि माणूस एका वर्गांतले काय ?" नव्हेत; म्हणूनच एका खुणेवर निकाल देऊं नये. खालचा जबडा पाहावा : सस्तनांत त्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते, इतरांत ती अनेक हाडें जुळून होते. मान पाहावी : माणूस, बकरा, वटवाघूळ, जिराफ यांच्या मानेंत मणके सातच, कोंबडीच्या मानेंत याच्या जवळजवळ दुप्पट. अशा चार साक्षी जुळल्या, म्हणजे निकाल द्यावा. न्यायाधीश तरी दुसरें काय करतो ?

प्रयोगशाळेंत आज जीं हाडें, बरण्यांतले नमुने आणि संगणकावरचीं चित्रें असतात, त्यांवर हा सर्व अभ्यास करतां येतो. मात्र एक धोका आहे. चित्रांत प्रत्येक भाग रंगविलेला असतो, त्यावर नांव लिहिलेलें असतें. पाहणाऱ्यानें पाहण्याआधींच उत्तर समोर येतें. हाडावर नांव लिहिलेलें नसतें. तें हातांत घेऊन फिरवावें लागतें, वरचें टोंक कोणतें व खालचें कोणतें हें ठरवावें लागतें. बरणींतल्या नमुन्याचा रंग औषधानें उडालेला असतो; म्हणून रंगावर विसंबणारा तेथें फसतो. जर्नलमधली आकृति शेजाऱ्याच्या वहींतून उतरविली, तर गुण मिळतील, नजर मिळणार नाहीं. आधीं दिसलें तेवढेंच काढावें, मग नांवें घालावीं, आणि शेवटीं पुस्तकाशीं ताडून पाहावें. हा क्रम ज्यानें राखला, त्याचें सुरीवांचून फारसें अडणार नाहीं. ज्यानें मोडला, त्याला शंभर बेडूक देऊनही उपयोग नाहीं.

या शिक्षणाचा कांहीं भाग घरींही होऊं शकतो. पापलेट साफ करतांना कल्ल्यांवरचें झांकण मुलाला उचलून दाखवावें. मुशीला असें झांकण नसतें. दोन्ही बाजूंस पांच पांच उघड्या फटी असतात, आणि तिच्या सांगाड्यांत हाड नसून कूर्चा असते. कोंबडीच्या छातींत बेचक्यासारखें एक हाड सांपडतें. आपल्या गळ्याखालीं दोन बाजूंस जीं दोन आडवीं हाडें हाताला लागतात, तींच तेथें जुळून एक झालेलीं आहेत. ज्या घरीं सामिष चालत नाहीं, तेथें स्वतःचा हात आहेच : दंडांत एक हाड, पुढच्या हातांत दोन, मग मनगट आणि बोटें. खिडकींतल्या कबुतराचा पंख आणि भिंतीवरल्या पालीचा पुढचा पाय हे याच नमुन्यावर घडले आहेत.

शेवटीं एक गोष्ट. बेडूक फुप्फुसांबरोबर ओल्या कातडीनेंही श्वास घेतो. पाण्यांतलें विष त्याच कातडीवाटे त्याच्या अंगांत जातें. आमच्या भागांतून वाहणाऱ्या वालधुनी नदींत कारखान्यांचें आणि वस्तीचें सांडपाणी येत आलें आहे. प्रयोगशाळेंत आपण बेडकाला अभय दिलें. परंतु नदीनाल्यांत त्याला तें मिळालें नाहीं, तर त्या दयेची किंमत किती राहिली? ज्या मुलाला त्याच्या कातडीचें काम समजलें आहे, त्याला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागणार नाहीं. प्राणिशास्त्राच्या तासाला मुलें काय करतात, याचें माझें उत्तर हेंच : तीं पाहावयास शिकतात. तेवढें तीं खरोखर शिकत आहेत ना, याची चौकशी मात्र आईबापांनीं अवश्य करावी.