घरचे वळण आणि पाळीचे घड्याळ

मुलांना वळण उरले नाही, ही तक्रार आमच्या कानांवर नेहमी येते. आरोपी मात्र दर पिढीला बदलतो. एके काळी सिनेमा होता, मग दूरदर्शनचा संच आला, आता हातातला मोबाइल आहे. आमचा जन्म कामगारांच्या सभा भरवण्यात गेला. त्यामुळे ही तक्रार ऐकली की आमच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. दिवेलागणीला घरात असते कोण? वळण लावायला दोन माणसे एका वेळी एका छपराखाली असावी लागतात. ही अट साधी दिसते, पण कष्टकऱ्याच्या घरात ती पुरी होईल की नाही हे घर ठरवीत नाही. ते कारखान्याच्या फाटकावर लागलेला पाळीचा तक्ता ठरवतो.

प्रथम वळण म्हणजे काय ते पाहू. मोठ्या सणांची गोष्ट आम्ही करीत नाही. त्यांची काळजी घ्यायला पंचांग आणि बाजार दोन्ही समर्थ आहेत. आम्ही बोलतो आहोत ते लहान लहान रीतींविषयी. बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही घालायचे. जेवायला बसण्यापूर्वी पाटपाणी घ्यायचे. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लावून घ्यायचे आणि आमच्या ठाणे-कोकणाच्या बाजूला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे. यांतले काहीही मुलाला पाटीवर लिहून शिकवलेले नसते. मुलाकडे एक काम सोपवलेले असते, आणि ते काम हाताला लागता लागता रीत अंगी मुरते. ज्या पोराने चार वर्षे पाटपाणी घेतले, त्याला घरात जेवणारी माणसे किती आणि आज कोण यायचे राहिले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दिवेलागणीचेच उदाहरण घ्या. संध्याकाळी मुलांनी हातपाय धुवावेत, देवापुढे बसून शुभंकरोती म्हणावी, मग परवचा. परवच्यात नुसते पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची सगळी उतरंड असे. किराणा दुकानातला हिशेब ज्याला तोंडी येई, त्याचे मूळ या म्हणण्यात होते. ही रीत इतकी वर्षे का टिकली? केवळ श्रद्धेमुळे टिकली असे आम्हांला वाटत नाही. घरात कंदील एकच असे, आणि अंधार पडला की सर्वांना त्याच्याभोवतीच बसावे लागे. काच रखुंडीने पुसणे आणि वात कातरणे हे मुलांचे काम. पुढे खोलीखोलीत विजेचा दिवा आला, माणसे पांगली, आणि परवचा हळूहळू बंद पडला. विजेला आम्ही दोष देत नाही. कंदिलाच्या धुरात डोळे बिघडवून घेण्यात कसलीही संस्कृती नाही. रीतीला एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा लागते, एवढेच दाखवायचे आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. श्याम आईची शिकवण सांगतो ती रोज रात्री, मंडळी एकत्र जमल्यावर. ही जमण्याची वेळच हातची गेली तर गोष्ट कोणाला सांगणार?

आता आमच्या कल्याणकडे वळू. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५४ साली येथे पोहोचली. त्यानंतर हे गाव पारनाक्याच्या वाड्यांपुरते राहिले नाही. रेल्वेची वसाहत झाली, इंजिनांची शेड झाली. पुढे शहाड-मोहने भागात रेयॉनचे कारखाने आले. घरांत तीन पाळ्या शिरल्या : सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाप मुलाला सकाळी घटकाभर दिसतो, तोही मूल शाळेच्या घाईत असताना. रातपाळीला तो दिवसा झोपतो.

पण घरे हार मानीत नाहीत. या पाळ्यांनी आपल्या रीती निर्माण केल्या, आणि संस्कृतीवरच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख आम्हांला अजून आढळलेला नाही. दिवसा बाप झोपला असताना कडी आवाज न करता काढायची, बादली उचलून ठेवायची, ओढायची नाही, भांडण झालेच तर गॅलरीत जाऊन आणि तेही खालच्या आवाजात. हे चाळीतल्या पोरांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी येई. ड्रायव्हर-गार्डांना ड्यूटीवर बोलवायला रेल्वेचा कॉलबॉय दारी येई. त्याचा निरोप चुकता न सांगणे ही घरातल्या थोरल्या मुलाची जबाबदारी असे. पगाराचे पाकीट आधी देवापुढे ठेवायचे, मग उघडायचे, आणि त्या दिवशी खाऊची पुडी यायचीच. आता पगार बँकेत जमा होतो. देवापुढे ठेवायला काही उरले नाही. बँकेमुळे पगाराची लबाडी करणे अवघड झाले, म्हणून आम्ही तिची बाजू घेऊ. पण त्या पाकिटामुळे घरात किती पैसे आले हे पोरांना कळत असे, तेही तितकेच खरे.

सगळेच वळण जपण्याजोगे आहे असे मात्र कोणी समजू नये. पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी, बायकांनी मागून उरलेल्यावर जेवायचे, ही रीतसुद्धा पिढ्यान्पिढ्या पोरींच्या हाती दिली गेली. दुसऱ्या पाळीचा नवरा साडेअकराला घरी येणार आणि बायको तोवर उपाशी बसणार, याचे कौतुक आम्ही ऐकले आहे. आम्हांला त्यात कौतुक दिसत नाही. ती पहाटे पाचला उठून डबा करणार असते. पाटपाणी मुलीनेच घ्यायचे आणि मुलाने आयते जेवायला बसायचे, हेही मोडले पाहिजे. अमुक जातीच्या माणसाला वेगळा पेला ही रीत तर नाव घेण्याच्याही लायकीची नाही.

आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे, तेथील बाक आम्ही पुष्कळ झिजवले. त्या वाचनात नारायण मेघाजी लोखंडे भेटले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या सरकारी कमिशनपुढे मांडल्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. सूर्यास्त म्हणजे दिवेलागणच की! रविवार खंडोबाचा वार म्हणूनही त्यांनी मागितला होता. १० जून १८९० रोजी ही सुटी मान्य झाली. डोक्याला तेल घालून सावकाश नहाणे, मटणाचा किंवा मासळीचा बेत, दुपारी मामाकडे जाणे, हे रविवारचे जे वळण आपण पुरातन समजतो, त्याला जागा मिळाली ती या झगड्यातून. सूर्यास्ताची मागणी मात्र मागे पडली. गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळला काय नि न मावळला काय, यंत्रे चालूच राहिली. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने घातली.

ती दिवसाची मर्यादा आता सैल होते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे काम नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवले. हिशेब करून पाहा. सकाळी आठची पाळी रात्री आठला सुटेल. मुंबईहून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडीलाही तासाभराहून अधिक वेळ लागतो. स्टेशनावरून रिक्षाच्या रांगेत उभे राहून कोळसेवाडीला घरी पोहोचेपर्यंत दहा वाजायला आले, आणि सकाळी सहाच्या सुमारास पुन्हा घर सोडायचे. धाकटे मूल दोन्ही वेळा झोपलेलेच असणार. यावर उत्तर असे देतात की चार दिवस बारा तास केल्यावर आठवड्याला तीन दिवस मोकळे मिळतील. मिळोत, आम्ही त्याला नको म्हणणार नाही. परंतु ते तीन दिवस लागोपाठ मिळणार की तुटक, त्यांत रविवार असणार की नाही, नवरा-बायको दोघेही कामावर असतील तर दोघांना एकच दिवस मिळणार का, आणि पाळीचा तक्ता किती दिवस आधी लागणार, हे मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. पुढच्या करारावर सही करण्याआधी ही कलमे लिहून घ्यावीत, आणि ती लिहिताना युनियनच्या कमिटीत कामगारांच्या बायकांनाही बसवावे. दिवेलागणीला घरात कोण असते, याची नोंद त्यांच्याजवळ आहे.