चवडीचा तिसरा अक्ष
(लेखांक ७)

एकाच सपाट चित्रातील डाग शेजारच्या पिक्सेलांच्या आधाराने कसे पुसावेत, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. आणि त्या उपायापायी डागाबरोबरच चित्रातील बारीक रेषाही बोथट होतात, हेही पाहिले. आज ज्या उपायाचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्यात ही हानी बव्हंशी टळते. मात्र त्यासाठी एकाच दृश्याची अनेक चित्रे हाताशी असावी लागतात.

अशी चित्रे कागदांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचली, की लांबी-रुंदीखेरीज तिसरा एक अक्ष निर्माण होतो. आकाशाच्या एकाच भागाची चित्रे एकामागून एक घेतली असतील, तर तो अक्ष काळाचा असतो. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीचे थरामागून थर टिपले असतील, तर तो खोलीचा असतो. जुन्या दफ्तरखान्यात कागदांच्या गठ्ठ्यातून दाभण आरपार घालीत, त्याप्रमाणे या चवडीतील प्रत्येक चित्राच्या नेमक्या त्याच स्थानावरचा आकडा ओवून घ्यावयाचा, आजूबाजूच्या स्थानांचा विचारच करावयाचा नाही, आणि त्या एका ओळीपुरताच फिल्टर चालवावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

समजा, एका स्थानी पाच चित्रांत १२, १४, २४०, १३ आणि १५ अशा तेजाच्या नोंदी मिळाल्या. त्यांची सरासरी ५८.८ येते, म्हणजे पाचांपैकी एकाही नोंदीशी ती जुळत नाही. परंतु त्याच नोंदी चढत्या क्रमाने मांडून मधली उचलली, तर १४ हा मध्यक मिळतो. चार साक्षीदारांची जबानी एकमेकींशी जुळत असता पाचव्याच्या अवास्तव कैफियतीने निवाडा फिरू नये, ही दक्षता मध्यकात आपोआप घेतली जाते.

हबल दुर्बिणीने १९९५ च्या डिसेंबरात १८ ते २८ तारखांच्या दरम्यान सप्तर्षींतील आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याची ३४२ चित्रे घेतली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. विश्वकिरणांचे कण संवेदकावर आदळून प्रत्येक चित्रात तेजस्वी ठिपके उमटवीत होते, आणि एकट्या चित्राकडे पाहून यांतील तारा कोणता व आघात कोणता, हे सांगणे दुष्कर होते. पण तारा प्रत्येक चित्रात आपल्या जागी हजर असतो, आणि तोच आघात त्याच जागी पुन्हा होणे दुर्मीळ. म्हणून चित्रांची परस्परांशी रुजवात घालून हे ठिपके वगळता आले, आणि सुमारे तीन हजार दीर्घिका दृग्गोचर झाल्या. अर्थात, चित्रे एकमेकांवर अचूक बसविलेली असणे ही येथे पहिली अट आहे. दुर्बीण किंचित हलली असेल आणि ती चूक दुरुस्त केली नसेल, तर दाभण भलत्याच स्थानांतून जाते.

याच युक्तीचा अविचाराने केलेला वापर मात्र घातक ठरतो. पेशीच्या थरांच्या चवडीत एखादा कण एका थरापेक्षाही लहान असू शकतो. तो एकाच थरात दिसतो म्हणून मध्यकाने त्याला खोटा ठरविले, तर डाग नव्हे, खरा पुरावाच नष्ट होतो. म्हणून ज्या अक्षावर सत्य स्थिर राहते आणि दोष मात्र बदलतो, त्याच अक्षावर हा फिल्टर चालवावा. तो अक्ष कोणता, हे संगणक सांगत नाही, ते वस्तूच्या स्वभावाचे ज्ञान असलेल्या अभ्यासकालाच ठरवावे लागते.

तेव्हा फिल्टरने जे पुसले, तेही फेकून देऊ नये. मूळ चित्रातून मध्यक वजा केला असता उरणाऱ्या शेषात विश्वकिरणांचे ठिपके असतात, तसाच कधी एखादा लघुग्रहही असतो; चित्रागणिक तो थोडाथोडा पुढे सरकत असल्यामुळेच मध्यकाने त्याला वगळलेले असते, आणि त्या सरकण्यावरूनच शेषात तो ओळखू येतो.

हा फिल्टर सबंध ओळीऐवजी प्रत्येक चित्राच्या मागच्या-पुढच्या मोजक्या चित्रांपुरताच चालविला, तर चवडीतील पहिल्या आणि शेवटच्या चित्राला एका बाजूचा शेजारीच नसतो. तेथे फिल्टरने काय करावे, याचा विचार पुढील लेखांकात करू.