महासागरी सफरीची पूर्वतयारी

शिडाची नौका महासागरात नेण्याआधी तिची कसून तपासणी करावी लागते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारेचा एखादा पदर जरी तुटला, तरी वादळात डोलकाठी कोसळू शकते. म्हणून वरपर्यंत चढून तार न् तार हाताने चाचपली जाते. जादा शिडे, सुईदोरा, सुटे भाग, औषधे, कोरडा शिधा सोबत लागतो. खाऱ्याचे गोडे पाणी करणारे यंत्र बंद पडेल हे गृहीत धरून पिण्याच्या पाण्याचा साठा वेगळा ठेवतात.

माणसांच्या तयारीला त्याहून अधिक काळ लागतो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या ५६ फुटी नौकेतून भारतीय नौदलाच्या ६ महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी कॅप्टन दिलीप दोंदे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘म्हादेई’ नौकेवर त्यांचा सराव झाला होता. मॉरिशस आणि केप टाऊनच्या सफरींत रात्रपाळीचा पहारा, तुटक झोप, शिडे आवरणे आणि एकमेकींवरचा विश्वास अंगवळणी पडला. अखेरच्या टप्प्यात सुकाणू बिघडले, तेव्हा त्यांनी न डगमगता मॉरिशस गाठले आणि दुरुस्तीनंतर २१ मे २०१८ रोजी गोव्यात प्रदक्षिणा पूर्ण केली.