घराचे मोल आणि चुलीची जागा

गावातले घर विकायला काढले की गिऱ्हाईक ओसरीवर बसून भावाचे बोलते. बरोबर आलेली बाईमाणसे मात्र सरळ आत जाऊन चूल कोठे आहे ते पाहतात. सौदा पुष्कळदा तिथेच ठरतो, नाहीतर मोडतो.

बरेचजण आग्नेय कोपरा मागतात. वास्तुशास्त्र माना वा मानू नका, आपल्या मुलखात त्याला व्यवहारी कारणही आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो आणि दारे-खिडक्या लावलेल्या असतात. चूल पश्चिमेला असली तर धूर माजघरात शिरतो. आग्नेयेला असली तर बाहेर जातो. हिवाळ्यात वारा फिरतो, पण तेव्हा खिडकी उघडी ठेवता येते. शिवाय पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापली की रात्रीपर्यंत निवत नाही. तिथे भाकरी थापणारीलाच विचारा!

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस खेड्यात पोचला; आता जागेचे काय, असे कोणी म्हणेल. पण पाणी तापवायला चूल पेटतेच. आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीखेरीज खालीही झरोका हवा. आतल्या कोंदट खोलीत शेगडी नकोच.

गोठा स्वयंपाकघराला लागून असेल तर माशा पाहूनच गिऱ्हाईक परततो. मधे परस ठेवा.

जुने घर यासाठी पाडू नका. पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडा, चुलीवर धुराडे बसवा, मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूला सोडा. गिऱ्हाईक यायच्या आधी एवढे उरकून घ्या.