स्वस्त गिटारची पारख

आमच्या संगीत कक्षात पूर्वी दोन पेट्या, एक ढोलकी, एक तबल्याची जोडी आणि चार खंजिऱ्या एवढाच संसार होता. गेल्या काही वर्षांत त्यात गिटारींची भर पडली आहे. यांतील बहुतेक गिटारी माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या पगारातून किंवा आईवडिलांच्या स्मरणार्थ भेट दिलेल्या आहेत. त्यामागचा जिव्हाळा आम्ही जाणतो. दर जून महिन्यात काही पालकही आम्हांस विचारतात की, मुलाला गिटार शिकायची आहे, फार पैसे घालणे शक्य नाही, तर कोणती घ्यावी? प्रत्येकास उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे ठरते, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहीत आहोत.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. चार वर्षांपूर्वी दोन नव्या गिटारी कक्षात आल्या. रंग सुरेख, कडेला नक्षी, सोबत पिशवी. इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने मोठ्या हौसेने त्यांतील एक हाती घेतली. रोज सायंकाळी अर्धा तास ती नेमाने बसत असे. महिनाभरात बोटांच्या टोकांना फोड आले, तरी साधा मेळ स्वच्छ वाजेना आणि वाजला तरी कानाला बेसूर लागे. एके दिवशी ती म्हणाली, “सर, माझी बोटंच गिटारची नाहीत.” आम्हीही तिला, सरावाने जमेल, एवढेच सांगितले. पुढे वार्षिक मेळाव्यास एक माजी विद्यार्थी आला. वाद्यवृंदात गिटार वाजवून तो उपजीविका करतो. त्याने ती गिटार मांडीवर घेतली, पहिल्या पडद्याजवळ तारा दाबून पाहिल्या आणि बारीक कानस मागितली. तासाभरात तीच गिटार हलक्या हाताने व सुरात वाजू लागली. तारा मानेपासून नको तितक्या उंच होत्या, एवढाच तो दोष होता. त्या मुलीने तोवर संगीताचा तास सोडून चित्रकलेचा घेतला होता. ती पुन्हा गिटारकडे वळली नाही.

दोष वाद्यात होता आणि निकाल लागला तो मुलीवर. शिकणाऱ्याला तुलनेसाठी दुसरे वाद्य माहीत नसते, त्यामुळे वाद्याचा प्रत्येक अवगुण तो आपल्या माथी घेतो. म्हणूनच स्वस्त वाद्याची पारख महागड्या वाद्याच्या पारखीहून अधिक महत्त्वाची आहे. वाद्य स्वस्त असण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ते सुरात असले पाहिजे आणि बोटांना झेपले पाहिजे.

पैसे कशाचे मोजावेत

गिटारचा आवाज मुख्यतः तिच्या तबलीतून येतो. मिरजेच्या तंबोऱ्याला जशी भोपळ्यावर लाकडी तबली असते, तशीच गिटारच्या पोटावरची पातळ फळी ही तिची तबली होय. तारेचे कंपन घोडीवाटे या फळीत उतरते आणि फळी हवेला हलवते. स्पेनमधील थोर कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली हे एका प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी एका गिटारची पाठ व बाजू चक्क कागदी लगद्याच्या पुठ्ठ्याच्या केल्या आणि वर तबली मात्र उत्तम लाकडाची बसविली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

अलीकडे इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी याच दिशेने एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एकाच आराखड्याच्या सहा गिटारी बनवून घेण्यात आल्या. फरक फक्त पाठीच्या व बाजूंच्या लाकडाच्या जातीत होता. बावन्न वादकांनी त्या लाकूड ओळखू येणार नाही अशा अंधूक प्रकाशात वाजवून पाहिल्या. महागड्या लाकडाची गिटार आणि साध्या लाकडाची गिटार यांच्या आवाजास त्यांनी दिलेल्या गुणांत फारसे अंतर पडले नाही. आपल्याकडची शिसवी जगभरच्या गिटारींत वापरली जाते आणि ती देखणी असते यात संशय नाही. पण पहिल्या गिटारसाठी ‘पाठ शिसवीची आहे’ म्हणून दुकानदाराने दोन हजार अधिक मागितले, तर ते देण्याचे कारण नाही. नक्षी, झगमगीत रंग आणि कोरलेली कड यांनाही हेच लागू आहे.

तबली दोन प्रकारची असते. एक अखंड लाकडाची आणि दुसरी पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली, म्हणजे प्लायवुडसारखी. ओळखण्याची खूण सोपी आहे. तबलीच्या मधल्या गोल छिद्राची कड निरखून पाहावी. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील, तर तबली अखंड असते. कडेवर निरनिराळे थर दिसत असतील, तर ती थरांची. अखंड तबलीचा आवाज सामान्यतः अधिक भरदार असतो, परंतु ती हवामानाला हळवी असते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. कोकणातल्या आषाढात ती फुगून वर येते आणि विदर्भातल्या मे महिन्यात तडकू शकते. थरांच्या तबलीत रेषा एकमेकींना आडव्या असल्याने ती असे हेलकावे अधिक सोसते. वसतिगृहातील खाटेखाली राहणाऱ्या आणि अनेक हातांतून जाणाऱ्या गिटारीला थरांची तबलीच योग्य, असे आमचे मत अनुभवान्ती झाले आहे.

तारा कोणत्या

गिटार दोन प्रकारच्या असतात: नायलॉनच्या तारांची रुंद मानेची आणि पोलादी तारांची अरुंद मानेची. सुरात लावलेल्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका होतो. नायलॉनच्या तारांचा जवळपास त्याच्या निम्मा. लहान मुलांच्या कोवळ्या बोटांना नायलॉन सुखाचे पडते. चित्रपटगीते व समूहगीते यांच्या साथीसाठी पोलादी तारांचा खणखणीत आवाज बरा वाटतो. मात्र एक पथ्य पाळावे: नायलॉनसाठी बनविलेल्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिची बांधणी तो ताण सोसण्यासाठी नसते. घोडी उखडते किंवा तबली वाकते. बारा वर्षांखालील मुलांसाठी पाऊण मापाची गिटार घ्यावी. पूर्ण मापाची घेऊन ‘मोठा होईल तेव्हा उपयोगी पडेल’ हा हिशेब गणवेशाला चालतो, वाद्याला चालत नाही.

दुकानात अर्धा तास

पुढील परीक्षेसाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि मोबाइलवरील सूर दाखविणारे विनामूल्य ॲप एवढेच साहित्य पुरते. गिटार वाजविता येणे आवश्यक नाही.

प्रथम मान पाहावी. एक तार पहिल्या पडद्यावर आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. ताणलेली तार ही सरळ रेषाच असते. मधल्या पडद्यांपाशी तिच्याखाली जाड कागद जाईल एवढी फट असावी. फट फार मोठी असेल, तर मान वाकलेली आहे. पोलादी तारांच्या गिटारीत मानेच्या पोटात ताण सावरणारी पोलादी सळई असते आणि ती फिरवून किरकोळ बाक काढता येतो. काही अतिस्वस्त गिटारींत ही सळईच नसते. तिचे टोक कोठे आहे, हे दुकानदारास दाखवावयास सांगावे.

दुसरी गोष्ट तारांची उंची. बाराव्या पडद्यावर, पडद्याच्या माथ्यापासून तारेपर्यंत पट्टीने मोजावे. पोलादी तारांच्या गिटारीत जाड तारेपाशी अडीच आणि बारीक तारेपाशी दोन मिलिमीटर हे चांगले माप होय. नायलॉनच्या गिटारीत ते चार व तीनच्या आसपास असते. चार मिलिमीटर उंचीच्या पोलादी तारा म्हणजे नवशिक्याच्या बोटांना शिक्षाच.

तिसरी गोष्ट, जिथे आमची फसगत झाली ती. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीला ‘नट’ म्हणतात. तार तिसऱ्या पडद्याच्या ठिकाणी दाबावी आणि पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे तार पडद्याला जवळजवळ टेकलेली, केसाएवढे अंतर राखून असावी. अंतर अधिक असेल, तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. नवशिक्याचे सारे मेळ याच पडद्यांवर असतात. म्हणून मोकळ्या तारा अचूक लावूनही मेळ बेसूर वाजतो आणि मूल स्वतःला दोष देते.

चौथी परीक्षा सर्वांत निर्णायक. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्या पडद्यावर तारेला बोट नुसते हलके टेकवून छेडल्यास घंटेसारखा स्वर निघतो. तोच पडदा नेहमीप्रमाणे दाबून पुन्हा छेडावा. ॲपवर दोन्ही स्वर सारखे दिसले पाहिजेत. सहाही तारांवर ही परीक्षा करावी. पडद्यांच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात: सप्तकाचे बारा समान भाग केले की प्रत्येक पडद्यावर तारेची लांबी आधीच्या १.०५९५ पटीने कमी होत जाते. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा नटपासून सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो. घोडी तीन-चार मिलिमीटर सरकून चिकटविली गेली असेल, तर हे सारे गणित कोसळते आणि ती गिटार वरच्या पडद्यांवर कधीही सुरात वाजत नाही.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवून खरखर ऐकावी. पडद्यांच्या टोकांवरून तळहात फिरवावा; तो खरचटता कामा नये. खुंट्या एकसारख्या फिराव्यात आणि सूर लावल्यानंतर दहा मिनिटे तो टिकावा. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद शिरत असेल, तर घोडी सुटू लागली आहे. शेवटी मोबाइलच्या उजेडात गोल छिद्रातून आत पाहावे आणि पाठीवर बोटाने हलके वाजवावे. आतली एखादी आधारपट्टी सुटी असेल, तर ती किणकिणते.

सुधारणारे दोष, न सुधारणारे दोष

या परीक्षेत प्रत्येक स्वस्त गिटार कोठे ना कोठे अडतेच. म्हणून दोषांचे दोन वर्ग करावेत. जुन्या तारा, उंच नट, घोडीवरची उंच पट्टी, सैल खुंट्या आणि पडद्यांची धारदार टोके हे सुधारणारे दोष आहेत. जाणता कारागीर ते थोड्या खर्चात दूर करतो. चुकलेले पडदे, जागा चुकलेली घोडी, पिळलेली मान आणि मान व पोट यांच्या सांध्यातील भेग हे न सुधारणारे दोष होत. त्यांवरचा दुरुस्तीखर्च गिटारच्या किमतीहून अधिक होतो. पहिल्या वर्गातील दोष दिसल्यास किंमत कमी करून घ्यावी. दुसऱ्या वर्गातील एकही दोष दिसल्यास ती गिटार फुकट मिळाली तरी घेऊ नये.

किमतीचा हिशेबही याच दृष्टीने मांडावा. हाती जी रक्कम असेल तिचा साधारण पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा आणि तो कारागिराकडून करून घ्यावयाच्या जुळणीसाठी, चांगल्या तारांसाठी व जाड पिशवीसाठी राखून ठेवावा. पूर्ण रकमेची चकचकीत गिटार घेऊन ती जुळणीविना मुलाच्या हाती देण्यापेक्षा हा मार्ग लाभदायक ठरतो. यामाहासारख्या प्रस्थापित उत्पादकांच्या साध्या गिटारी निनावी गिटारींपेक्षा महाग पडतात. पण त्यांचे पडदे व घोडी सहसा जागच्या जागी असतात आणि पुढे विकावयाच्या झाल्यास बरी किंमत येते. वापरलेली गिटार घेण्यातही संकोच नसावा. पाच-सहा उन्हाळे-पावसाळे पाहूनही जिची मान सरळ राहिली, तिने आपली परीक्षा आधीच दिलेली असते.

भेट देणाऱ्यांना विनंती

त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला आहे. कक्षात येणारी प्रत्येक गिटार, मग ती नवी असो वा जुनी, वर सांगितलेल्या परीक्षेतून जाते. तिच्या मानेला एक चिठ्ठी बांधली जाते आणि तीवर तारांची उंची, जुळणीची तारीख व तारा बदलल्याची तारीख लिहिली जाते. या नोंदी नववीचे विद्यार्थी स्वतः ठेवतात. गिटारी पत्र्याखालच्या खोलीत ठेवल्या जात नाहीत आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकविल्या जात नाहीत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना एवढीच विनंती आहे की, गिटार भेट देण्याचे मनात आल्यास नक्षीकडे न पाहता दुकानात अर्धा तास बसावे आणि पट्टीने मोजून घ्यावे. दोन गिटारी देण्याचा विचार असेल, तर एकच द्यावी आणि दुसरीच्या पैशांतून कक्षातील जुन्या चार गिटारींची जुळणी करून द्यावी. कोणी मूल आमच्यापाशी येऊन “मला जमत नाही” असे म्हणाले, तर आता आम्ही आधी त्याच्या हातातली गिटार मागून घेतो आणि तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्याकडे पाहतो.