निर्धूर आगटी : परसातील जाळ पेटविण्याची रीत

घरात स्वयंपाकाचा गॅस आला, तरी परसातील चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, लग्नकार्याचा भात, मळ्यातील हुरडा आणि थंडीच्या दिवसांतील शेकोटी यांसाठी महाराष्ट्रातील खेड्यांत आजही सरपणच जळते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि गॅसजोडणी दूरवरच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली. तरीही २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्केच आढळली. पाणी तापविण्यासाठी परसात पेटणाऱ्या चुलीचा तर या आकड्यात समावेशही नाही.

ही चूल उघड्यावर असते, म्हणून तिचा धूर निरुपद्रवी असतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. पहाटेच्या थंड हवेत धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो, खिडकीतून घरात शिरतो आणि शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीतही जातो. हवेतील अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविले आहे. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरविलेली मर्यादा ६० मायक्रोग्रॅमची आहे. धुमसणाऱ्या चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या श्वासातील हवा या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. डोळ्यांची आग व खोकला हा केवळ त्याचा दिसणारा भाग होय.

धूर म्हणजे न जळलेले सरपण

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाला असते ती लाकडातून निघणाऱ्या वायूंची. लाकूड तापू लागले म्हणजे प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. पुढे सुमारे दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते विघटित होऊन ज्वलनशील वायू व डांबराची वाफ बाहेर पडू लागते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने निघून जातो आणि उरतो तो कोळसा. हे वायू पुरते जळावयास सहाशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता, भरपूर हवा आणि दोहोंचा मेळ बसण्यापुरता अवधी लागतो. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली की ते वायू थंड होऊन धुराच्या रूपाने निसटतात. याचा अर्थ, ज्या सरपणासाठी कोणीतरी डोक्यावर मोळी वाहून आणली, त्याचाच काही भाग डोळ्यांत पाणी आणून हवेत जातो.

ओल्या लाकडाचे नुकसान नेमके कोठे होते, हेही पाहण्यासारखे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. सावकाश वाळविलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, तर एक किलो कोरडे लाकूड चार हजारांहून अधिक किलोकॅलरी देते. म्हणजे पाणी आटविण्यात जाणारी उष्णता ही काही फार मोठी लूट नव्हे. खरे नुकसान असे की त्या वाफेमुळे जाळ थंडावतो आणि वायू पेट घेण्याच्या उष्णतेपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच ओल्या सरपणावर कितीही फुंकर घातली तरी चूल धुमसत राहते.

लाकूड वाळले आहे की नाही, हे ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज आला, टोकांना भेगा पडलेल्या दिसल्या आणि साल सहज सुटली, की ते वाळले असे समजावे. अखंड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओला असू शकतो. फोडलेले लाकूड मात्र एका उन्हाळ्यात बरेच वाळते. हिवाळ्यात तोडणी, लगेच फोडणी, उन्हाळाभर ऊन आणि मृगापूर्वी आडोशाला रचणे, हा क्रम जुन्या शेतकरी घरांतून पाळला जात असे. रचताना खाली दगड किंवा वासे घालून लाकूड जमिनीपासून उचलावे, वर पत्रा टाकावा आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. प्लास्टिकच्या कागदात चोहोबाजूंनी गुंडाळलेले सरपण कोरडे राहण्याऐवजी आतल्या आत घामेजते.

पहिली दहा मिनिटे

कोणत्याही चुलीचा बहुतांश धूर पेटविण्याच्या वेळी होतो, कारण तेव्हा चूल, लाकूड आणि भोवतालची हवा सारेच थंड असते. सर्वसाधारण पद्धत अशी की, खाली कागद व काटक्या पेटवायच्या आणि वर जाड लाकडे रचायची. मग वरची थंड लाकडे तापून त्यांतून धूर सुटतो आणि त्याच्या वर त्याला जाळणारी ज्वाला नसते. हा क्रम उलटा केला तर फरक तत्काळ दिसतो. तळाशी मनगटाएवढे जाड, फोडलेले तुकडे बोटभर अंतर सोडून मांडावेत, त्यांवर आडवे अंगठ्याएवढे तुकडे, त्यांवर ढलप्या, आणि सर्वांत वर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा नारळाची सुकी शेंडी. काडी वर लावावी. जाळ हळूहळू खाली उतरतो. खालच्या लाकडातून निघणाऱ्या वायूंना वरच्या ज्वालेतूनच जावे लागते आणि ते तेथेच जळून जातात.

या रीतीत घाई करून चालत नाही. पहिली दहा मिनिटे नवे लाकूड घालू नये, ढवळू नये. जाळ बसू लागला की एकेक तुकडा कडेने सरकवावा. एकदम चार लाकडे टाकणे म्हणजे पेटलेली आग स्वतःच्या हाताने थंड करणे होय. ज्या चुलीत लाकूड समोरच्या तोंडातून घालावे लागते, तेथे अशी रास रचता येत नाही. तेथे लाकडाचे आतले टोक पेटवून, ते जळेल तसतसे आत सारीत जावे. रॉकेल ओतण्याची सवय मात्र घातक आहे. भाजण्याच्या अपघातांना तिने निमंत्रण मिळते.

हुरड्याची आगटी लावणारा जाणता माणूस यातील अर्धे शास्त्र नकळत पाळतो. गोवऱ्यांचा धूर निघून जाऊन लाल निखारा दिसेपर्यंत तो कणसाला हात लावू देत नाही.

बंबाची युक्ती

आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब अनेक घरांत माळ्यावर पडून असेल. त्याच्या मधोमध उभी नळी असते, तळाशी जाळी असते, आणि राख पडण्याच्या खालच्या वाटेने हवा आत येते. नळी तापली की गरम हवा जोराने वर चढते व खालून ताजी हवा ओढून घेते. प्रारंभी थोडा धूर काढणारा बंब एकदा लागला की जवळजवळ निर्धूर जळतो, तो या ओढीमुळेच.

परसात निर्धूर आगटी करावयाची तर हेच तत्त्व उपयोगी पडते. तिचा सर्वांत सोपा प्रकार दोन खड्ड्यांचा. सुमारे एक फूट रुंद व तितकाच खोल मुख्य खड्डा खणावा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस हातभर अंतरावर दुसरा लहान खड्डा तिरपा खणून तो मुख्य खड्ड्याच्या तळाशी मिळवावा. जाळ मुख्य खड्ड्यात, हवा लहान खड्ड्यातून. मुरमाड जमिनीत ही रचना टिकते. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत कडा ढासळतात, आणि पावसाळ्यात तर ती निरुपयोगीच ठरते.

टिकाऊ प्रकार विटांचा, दुहेरी भिंतीचा. आतल्या व बाहेरच्या कड्यांमध्ये दोन-तीन इंच पोकळी ठेवावी. बाहेरच्या भिंतीला तळाशी हवेसाठी भोके, आतल्या भिंतीला तळाशी काही आणि काठाखाली एक रांग भोके ठेवून पोकळीचे तोंड वरून बंद करावे. हवा पोकळीतून चढताना तापते आणि काठाजवळच्या भोकांतून आत येऊन, निसटू पाहणाऱ्या वायूंना पुन्हा पेटविते. अशा आगटीत भोकांच्या तोंडाशी ज्वाळांचे कडे दिसते, ते या दुसऱ्या ज्वलनाचेच. सरपणाची रास मात्र वरच्या भोकांच्या खाली राहिली पाहिजे. ती वर गेली की सारी योजना फुकट. आतल्या कड्यासाठी जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, कारण तो तापला म्हणजे अपायकारक धूर निघतो. नदीतील ओले गोटेही नकोत. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

धुराड्याचा धडा

घरातील चुलीचा धूर बाहेर काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात ‘मगन चूल’ तयार झाली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळ चुली फार काळ वापरात राहिल्या नाहीत. रेमा हन्ना, एस्थर डफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशातील खेड्यांत सुधारित चुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पण पुढे तो लाभ ओसरला, कारण चुलींची देखभाल व नियमित वापर झाला नाही, असे त्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे.

गृहिणींना दोष देऊन या प्रश्नाची बोळवण करता येणार नाही. धुराड्यात काजळी साचते, ती काढावयाचा ब्रश कोणी दिलेला नसतो. नळी फुटली तर ती तालुक्याला मिळत नाही. चूल बांधून देणारा माणूस पुन्हा फिरकत नाही. ग्रामपंचायतीने ब्रश व दोन-चार जादा नळ्या स्वतःजवळ ठेवल्या, तर खर्च नगण्य आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि लाकडावर पोषण आहार शिजविणाऱ्या शाळा येथेही काजळी काढण्याचा दिवस ठरलेला असावा. धुराड्याची चूल पेटविताना आणखी एक काळजी घ्यावी. थंड धुराड्यात थंड, जड हवा अडून बसलेली असते आणि ती धूर माघारी लोटते. धुराड्याच्या तोंडाशी आधी मूठभर वाळला पाला पेटवावा. नळी ऊबदार झाली की ओढ सुरू होते.

धुराने डास पळतात, छपराच्या लाकडाला कीड लागत नाही, आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे टिकतात, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु त्यासाठी आता मच्छरदाणी व बियाण्याची कोठी हे उपाय आहेत, आणि फुप्फुसाला दुसरा पर्याय नाही.

धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. लाल निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही व त्याला वासही नाही. थंडीच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपल्याने माणसे दगावतात. आगटी परसातच ठेवावी, भोवतालचे वाळले गवत चार-पाच हातांपर्यंत काढून टाकावे, कडब्याची गंजी दूर असावी. प्लास्टिक, रंग दिलेले लाकूड आणि कण्हेरीच्या फांद्या तीत कधीही घालू नयेत. काम झाल्यावर पाणी शिंपडून, राख ढवळून पुन्हा पाणी शिंपडावे. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही अशी खात्री झाल्यावरच ती राख खतखड्ड्यात टाकावी. वरून विझलेल्या दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव जिवंत राहतो.