जागा एक, अर्ज अनेक

अमेरिकेत शालेय शिक्षण संपविणाऱ्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाकडे अर्ज करणे हेच पूर्वी मोठे कष्टाचे काम असे. प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज निराळा. तो टपालाने मागवावयाचा, हाताने अगर टंकयंत्रावर भरावयाचा आणि शुल्क जोडून पुन्हा टपालात टाकावयाचा. चार-पाच अर्ज झाले, की विद्यार्थी हात टेकीत असे.

१९७५ साली पंधरा खाजगी महाविद्यालयांनी 'कॉमन ॲप्लिकेशन' हा सामाईक अर्ज सुरू केला. १९९८ मध्ये तो संगणकावर भरता येऊ लागला. आज हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात आणि त्यातून एका विद्यार्थ्यास वीस संस्थांकडे अर्ज करता येतो. (शुल्क मात्र बहुधा प्रत्येक संस्थेस वेगळेच द्यावे लागते, तेवढी सोय अद्याप कोणास सुचलेली दिसत नाही!)

परंतु केवळ सोय झाली म्हणून कोणी पंधरा-वीस अर्ज करीत नाही. त्यामागे भीती आहे, आणि ती कशी वाढते हे साध्या गणिताने कळते. समजा, शंभर विद्यार्थी आहेत आणि दहा महाविद्यालयांत प्रत्येकी दहा जागा आहेत. प्रत्येकाने दोन अर्ज केले, तर दर महाविद्यालयाकडे सरासरी वीस अर्ज येतील. म्हणजे दोघांमागे एक जागा. प्रत्येकाने दहाही ठिकाणी अर्ज केले, तर तेथे शंभर अर्ज येतील आणि दहांमागे एकच जागा दिसेल. वस्तुतः जागाही तेवढ्याच आणि विद्यार्थीही तेवढेच! पण हा आकडा वाचून पुढील वर्षीची मुले धास्तावतात आणि आणखी अर्ज करतात.

२०२० मध्ये महामारीमुळे परीक्षा केंद्रे बंद पडली, तेव्हा अनेक संस्थांनी 'एस. ए. टी.' परीक्षेच्या गुणांची अट शिथिल केली. गुण कमी म्हणून जी मुले बिचकत होती, तीही नामांकित संस्थांकडे वळली. हार्वर्डकडे आदल्या वर्षी ४०,२४८ अर्ज आले होते. २०२१ च्या प्रवेशासाठी ५७,४३५ आले. निवड झाली १,९६८ जणांची.

महाविद्यालयेही यात गोंधळतात. निवडलेला विद्यार्थी खरोखर येईल की दुसरीकडे जाईल, हे त्यांना कळत नाही. म्हणून ती प्रतीक्षायादी ठेवतात, आणि त्या यादीतील मुलाला कित्येकदा उन्हाळा लागला तरी आपण कोठे शिकणार याचा पत्ता नसतो.

ब्रिटनमध्येही पदवीसाठी सामाईक अर्ज आहे. मात्र त्यात पाचच अभ्यासक्रम निवडता येतात, आणि वैद्यकाचे तर त्यांपैकी चारच.